पाठची बाजू

सोहारच्या रिफायनरीत शटडाऊनचा अठरावा दिवस.
कंटेनरमधल्या ऑफिसात एसी ठिबकतोय, खाली बादली.
इलियास परकार दार ढकलून आत येतो,
आधी हात धुतो, पार कोपरापर्यंत,
मग म्हणतो, मॅडम, तुमची डिग्री एकदा दाखवा ना.
खरी. झेरॉक्स नको.

कालच एचआरकडून परत आलीय ती.
तो दोन्ही तळव्यांवर घेतो, गरम भाकरी घ्यावी तशी.
पुढची बाजू फारशी बघतच नाही.
उलटी करतो.
पाठीवर नोटरीचा शिक्का, मंत्रालयाचा, दिल्लीचा,
वर तिरकी चिकटलेली वकिलातीची तिकिटं.
"एवढ्या जणांनी बघितली?"
वाचली एकानंही नसेल, मी म्हणते.
तो हसत नाही.

त्याच्या बताक्यावर हुद्दा आहे: हेल्पर.
एजंटाकडे तेव्हा तेवढाच व्हिसा शिल्लक होता.
तेवीस वर्षं हा हेल्पर
जिथे मान वळत नाही तिथे आडवा शिरतो
आणि आरशात बघून, डाव्या हातानं, पाइप जोडतो.
मार्चमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी आर्ककडे पाठ करून उभा होता.
म्हणाला, तव्यावर बांगडा पडल्यासारखा आवाज पाहिजे, मॅडम.
हा थुंकतोय. थांबवा.
मी थांबवलं.
शाबासकीचा मेल माझ्या नावानं आला.

मग फोरमनची जागा निघाली. त्याचा फॉर्म मीच भरायला बसले.
शैक्षणिक अर्हता: खाली उघडणारी यादी.
पदविका, पदवी, पदव्युत्तर.
आठवी त्यात नव्हतीच,
आणि काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना.
आता फोरमन चोवीस वर्षांचा आहे. चांगलाय पोरगा.
इलियासला चाचा म्हणतो
आणि दर अर्ध्या तासानं येऊन विचारतो, चाचा, आता?

"आता माझी बघा."
खिशातल्या जाड पाकिटातून एक्स-रेची फिल्म निघते,
ट्यूबलाइटसमोर धरतो.
राखाडी पट्टा, मधे मोहरीएवढे काळे ठिपके,
कडेला पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलेलं: बाद.
"जुबैल. माझा पहिला जोड. आत हवा राहिलेली.
पास झालेल्या फिल्मा कंपनी कपाटात ठेवते,
आपल्याला कचऱ्यात मिळते ती हीच."

मी माझा कागद सुलटा करते.
कुलगुरूंची सही, सोनेरी कड, प्रथम श्रेणी.
एम-थ्रीत दोनदा नापास झालेली,
कराडच्या हॉस्टेलच्या गच्चीवर
रात्रभर पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली मुलगी
यात कुठेच नाही.
ते मी त्याला सांगणार होते.

"नुजहत दहावी झाली," तो म्हणतो,
"डिप्लोमाला घालू, की बारावी करून डिग्री?
लागतेच का हो ती?"

लागते, मी म्हणाले.
लगेच म्हणाले. विचार न करता.
खोटंही नव्हतं ते.
त्यानं मान हलवली, फिल्म पाकिटात सरकवली,
हेल्मेट घातलं. दारात थांबला.
"घालतो मग. पण कान तिला
सुट्टीत मीच देईन."

दार लागलं. बादली भरत आलेली.
थोड्या वेळानं बाहेर, पाइपरॅकवर, कुणीतरी आर्क पेटवला.
मी पेन खाली ठेवून ऐकत बसले.
बांगडा, की थुंकी?
मला अजून नक्की सांगता येत नाही.