रिकामं वजन

कसालच्या काट्यावर चिऱ्यांचे ट्रक चढतात.
त्या लाल धुळीत मी माझी गाडी नेली,
उतरलो, बाजूला उभा राहिलो.
खिडकीतून आवाज आला,
‘गाडी खंय? आधी काट्यार घे मरे.’
घेतलीय, म्हटलं.
त्याने काचेला नाक टेकवून पाहिलं, मग आकडे पाहिले.
चारशे ऐंशी.
‘माका वाटला काटो बिघाडलो.’
पावतीवर मालाच्या रकान्यात
त्याने सवयीने लिहिलं होतं : चिरे.
ओरोसला खाडाखोड चालत नाही,
म्हणून पुन्हा चाळीस रुपये, पुन्हा चारशे ऐंशी.

इंजिन माळकर गुरुजींच्या मारुतीचं.
पंचवीस वर्षं ते तिच्यातून कट्ट्याच्या शाळेत गेले
आणि चौथा गिअर कधी टाकलाच नाही.
तो कोरा मिळाला मला.
नळ्या, सांधे कोइमतूरहून, दोन खोक्यांत,
सोबत नकाशांची वही, शेवटची पानं नसलेली.
अंग मात्र सर्जेकोटचं.
हरू कोयंडे होड्या ओततो तीच मॅट, तोच राळ, तोच खोकला.
पालथी पडून ती त्याच्या मांडवात सुकली.
तळाला त्याने न विचारता बुचाचं भोक ठेवलं.
‘पाणी भरला तर?’
ही रस्त्यावर चालणार, मी म्हटलं.
‘रस्ते बघलंस?’
बूच ठेवलं. चौदा ग्रॅम.

तेव्हापासून हा आजार.
घड्याळ काढलं, पायाखालचं रबर काढलं,
लांब बोल्ट एकेक सूत आखूड केले.
मासळीच्या ताजव्यात मी बिजागऱ्या तोलतो
आणि शालन बांगडे हाताच्या अंदाजाने घेते.

इन्स्पेक्टर घाडीसाहेब.
त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली नाही,
गुडघे टेकून खाली वाकले. हे मला आवडलं.
‘दारं?’
नाहीत.
‘छप्पर?’
नाही.
‘मग आहे काय हिला?’
बूच आहे, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
चेसिस नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासू लागले,
लहानपणी आम्ही नाण्यावर घासायचो तशी,
आणि एकेक आकडा वर आला.
सहावा येईना.
इंग्रजी तीन की इंग्रजी आठ?
बारा पावसाळे ती खाडीकडेला उभी होती,
खाऱ्या वाऱ्याने अर्धा आकडा खाल्लेला.
‘आठ असेल तर गाडी तुमची.
तीन असेल तर दुसऱ्याच कुणाची.’

पाच महिने ती दुसऱ्याच कुणाची होती.
मी तिला धूत होतो, तेल बदलत होतो,
पाहुण्याच्या पोराला न्हाऊ घालावं तसा, जरा अंतर ठेवून.
रात्री बॅटरी लावून त्या आकड्यावरून बोट फिरवायचो.
बोटालाही ठरवता येईना.
शेवटी गुरुजींच्या सुनेने बिस्किटांच्या डब्यातून एक डायरी काढली.
आकड्यांवर गुरुजींचा विश्वास नव्हता,
सगळा नंबर अक्षरी लिहिलेला, पाढ्यासारखा,
आणि सहाव्या जागी
शाईचा ठिपका टाकून : आठ.

पाट्या आल्या, एक पुढची, एक मागची.
ताजव्यात टाकल्या. साडेसहाशे ग्रॅम, रिव्हेट वेगळे.
एवढं आता कुठून काढू, म्हणून मी मांडवभर फिरलो.
शालन आधीच येऊन बसलेली, पदर खोचून, पाय लांब करून.
‘मी उतराक होया काय?’

ती बसली की गाडी डाव्या अंगाला बोटभर खाली येते.
चौक्याच्या वळणावर ते कळतं.
कुत्री कानाशी येऊन भुंकतात.
गतिरोधक दिसला की मी गाडी तिरकी घेतो
आणि ती माझ्या बाजूला कलते,
होडीत कलतात तशी, कुणी न सांगता.