सुधारित मार्ग

जुलै. आमचा समुद्र पाय पोटाशी घेऊन पडलाय.
शेजारच्या पडद्यावर दोन फिलिपिन्सच्या पूर्वेला,
एक मेक्सिकोच्या पश्चिमेला.
तिकडची वादळं. आमच्या उलट फिरतात.
त्यांच्याकडे नुसतं बघायचं,
शेजारणीच्या चुलीवरलं दूध उतू जाताना
कुंपणाअलीकडून बघावं तसं.

गावाचं नाव नांदी,
आणि इथे बसून मी भरतवाक्यं लिहिते:
सरल्या मोसमातलं एकेक वादळ पुन्हा उघडायचं,
दर सहा तासांचा ठिपका तपासायचा,
चुकला असेल तर हलवायचा.
फायलीवर शिक्का मारायचा, 'सुधारित मार्ग'.

हे फेब्रुवारीतलं. नाव सांगत नाही.
इतकी माणसं गेली की ते यादीतूनच काढलं,
पुन्हा कुठल्या वादळाला ठेवणार नाहीत.
रात्री बाराचा ठिपका माझ्याच हातचा,
ढगांच्या चित्रावरून, अदमासे:
वातुलोआ बेटाच्या उत्तरेला बारा मैल.
तिथून अपेनिसाचा नऊ वाजता आलेला आकडा ९६१.४,
आणि पुढे
/////
/////
आकडा नसेल तिथे तिरप्या रेघा द्याव्यात,
असा जगभरचा नियम आहे.
अकरा दिवस येत राहिल्या.
आधी मला त्या पावसासारख्या दिसल्या,
मग कलत्या माडांसारख्या,
मग मी त्या रकान्याकडे बघणंच सोडलं.

आज तो स्वतः आला. दोन बोटी, एक बस.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची मुळं टेबलावर ठेवली,
आणि केतकीच्या चटईच्या सुरळीतून काढला
वायुभारमापकाचा कागद,
चुलीच्या धगीवर वाळवलेला, खरखरीत.
शाईची रेघ खाली, खाली, कागदाच्या काठावरून
पडली ती पडलीच.
"पुढची पेटीच्या लाकडावर उमटलीय," तो म्हणाला,
"पण पेटी बसमध्ये घेऊ देईनात."

चर्चपुढचे माड दक्षिणेकडे डोकं करून पडले,
चर्चमागचे उत्तरेकडे.
मध्ये वीस मिनिटं काहीच नाही.
"चांदण्या होत्या. मेरेसेईनी म्हणाली, संपलं,
कोंबड्या बघून येते.
मी तिचा हात धरून ठेवला.
शेजारच्या टोमासीचा कुणी धरला नाही."

मी ठिपका उचलला,
बारा मैल दक्षिणेला आणून
त्याच्या छपरावर ठेवला. तिथे छप्पर नाही आता.
उंदराची एक टिचकी.
त्या रात्री आम्ही रेडिओवर सांगितलं होतं,
डोळा उत्तरेकडून जाईल.
हे त्याला माहीत आहे. मलाही.
त्यावर दोघांपैकी कुणी बोललं नाही,
पंख्याने बराच वेळ बोलून घेतलं.

मग नकाशा उघडला तर नेहमीचाच घोटाळा:
वादळ एकशेऐंशी रेखांश ओलांडतं,
पूर्वेचं पश्चिम होतं,
आणि बिचाऱ्या यंत्राला वाटतं
ते अख्खी पृथ्वी फिरून पलीकडे गेलं.
एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ लाल रेघ:
ऑस्ट्रेलियाच्या माथ्यावरून, मादागास्करमधून,
मोझांबिक, झांबिया, अंगोला,
जिथे वादळ सहसा जन्मतच नाही तो अटलांटिक,
ब्राझील, पेरूचे डोंगर,
आणि मग वातुलोआ.

"हे काय?"
"चूक आहे. दोन मिनिटांत काढते."
तो खुर्ची ओढून जवळ आला.
बोटाने त्या रेघेवरून सावकाश गेला,
एकेका देशाशी थांबत,
मृताच्या घरून निरोप घेऊन निघालेला माणूस
एकेक दार ठोठावतो तसा.
"जरा राहू दे," म्हणाला.

पाचाची बस होती.
निघताना त्याने शाईची एक बाटली मागितली
आणि कागदांचा नवा गठ्ठा, पुढच्या मोसमासाठी.
शाईसाठी वेगळा अर्ज लागतो.
तो शोधेपर्यंत रेघ तशीच होती पडद्यावर.