मुठीचं वजन

तीन कागद टेबलावर. पंख्यानं उडू नयेत म्हणून
वर दंडाचा घेर मोजायची टेप ठेवलीय.

एक : कुमासीला दोन वर्षं, क्लिनिकल न्यूट्रिशन, वसतिगृह नाही.
दुसरा : परदेशातली पदवी, घरबसल्या,
वीज असेल त्या रात्री.
तिसरा : इथंच, तामालेत, आणखी वर्षभर इंटर्न.
विद्यावेतन उशिरा, वॉर्ड लगेच.
मॅडम मेमुनातू म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत सांग, वुम्पिनी."

आज किडनीच्या वॉर्डात बेड नऊ.
अल्हासन, फुगू विणणारे.
पाय सुजलेले, पोटॅशियम सहाच्या वर.
काल काय जेवलात?
तुओ झाफी, आणि आयोयोच्या पाल्याचा रस्सा.
पाला किती?
त्यांनी मूठ दाखवली.
ही कुणाची मूठ?
"बायकोची. मी कधी रांधलंय?"
अख्खा वॉर्ड हसला.

पुस्तकातल्या तक्त्यात ब्रोकोली आहे,
सफरचंद आहे, सालासकट आणि सालाशिवाय.
आयोयो नाही.
चार वर्षं पाठ केला मी तो तक्ता,
आईच्या चुलीवरचं एक पान त्यात सापडलं नाही
आणि हे मला आज, बेड नऊपाशी, कळावं!

दुपारी सानातू डबा घेऊन आल्या.
मी पाला आणवून ठेवला होता. काटा पुढं सरकवला :
घ्या मूठभर, रोज घालता तसा.
अठ्ठावीस ग्रॅम.
पुन्हा. एकतीस.
पाहुणे आले की?
बोटं फाकवून भरली त्यांनी, त्रेचाळीस.
आणि हातात पैसे नसले की?
त्यांनी हात पिशवीत घातला
आणि बराच वेळ तिथंच राहू दिला.
नऊ.

नऊ लिहिताना पेन अडलं. शाई होती.

मग सांगायचं ते सांगितलं :
पाला उकळा, पाणी फेका, मग रस्सा करा.
अल्हासन उशीवरून म्हणाले,
"चव त्या पाण्यातच असते, पोरी."
खरं आहे. माझ्याही घरी ते कुणी फेकत नाही.
यावर काय बोलायचं,
ते तिन्ही कागदांच्या अभ्यासक्रमात शोधलं, उभ्यानं, दोनदा.

उरलेला पाला सानातू बांधून घेऊन गेल्या.

कुमासीच्या अर्जात संशोधनाच्या विषयाला
एकच ओळ दिलीय.
मी तिथं 'मूठ' लिहिलं.
मग वाटलं, हसतील,
म्हणून पुढं कंसात लिहिलं : सानातूंची.