दोन सेकंद

बोलुंगार्विक.
नावातच 'बोलूं' आहे, पण गाव फारसं बोलत नाही.
धक्का, धक्क्यामागे मासळीचं गोदाम,
आणि माडीवर, हीटरला पाठ लावून,
डोब्रावा. गेल्या फेब्रुवारीत ग्दिन्याहून आलेली.

तिच्या पडद्यावर तीन खिडक्या:
वजनकाट्याची करडी,
हिशेबाच्या तक्त्याची हिरवी,
आणि लेबलं छापणारी, जिची कंपनी केव्हाच बुडाली.
तिघींचा एकमेकींशी अबोला.
अबोलाही नाही म्हणा,
त्याला आधी ओळख लागते.

त्यांच्यामधून हिंडते एक स्क्रिप्ट, त्रेसष्ट ओळींची,
वाटी घेऊन या दारातून त्या दारात
धावणाऱ्या पोरीसारखी.
हिचा आकडा उचल, तिच्या रकान्यात ठेव,
स्वल्पविराम काढ, टिंब लाव
(तिसरीला टिंबच कळतं),
बटण दाब.

लिहिणारी स्टाइनव्होर. ती आता नाही.
डोब्रावानं तिला पाहिलेलं नाही, फक्त वाचलंय.
चाळिसावी ओळ:
इथे दोन सेकंद थांब.
का, ते लिहिलेलं नाही.

दिवसाला नऊशे पेट्या.
म्हणजे रोजचा अर्धा तास नुसता उभा!
डोब्रावानं ओळ पुसली.

सोमवारी सगळं वाऱ्यासारखं पळालं.
गुरुवारी ब्रॅडफर्डहून फोन.
कॉडच्या पेटीवर हॅडकचं वजन,
हॅडकवर त्याच्या आधीच्या कुणाचं तरी.
प्रत्येक पेटी पुढचीचा आकडा मिरवत
समुद्रापार गेलेली.

ती खाली उतरली, काट्यापाशी उभी राहिली.
थ्रोस्टुरनं पेटी ठेवली.
आकडा उडाला, घसरला, पुन्हा जरा चढला,
पेटीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं,
आणि मग कुठे काट्याचं एक मत झालं.
तिनं मनात मोजलं होतं. एक. दोन.

थ्रोस्टुरनं काहीतरी विचारलं.
आइसलँडिक शब्द जुळवायला तिला वेळ लागला.
दुसरी पेटी कमरेवर पेलून
तो तसाच थांबला.

वर येऊन तिनं ओळ परत लिहिली.
खाली शेरा, स्वतःच्या भाषेत:
काटा म्हातारा आहे. त्याचं बोलून होऊ दे.
शेरे स्क्रिप्ट वाचत नाही, वगळून पुढे जाते.
तिच्यानंतर जी कोणी येईल, ती वाचेल.
पोलिश येत असेल तर.