जड पाणी

कल्लाप्पा जाळी लगेच बुडवत नाही.
"पाणी कुठलं? राकसकोपचं का बोअरचं?"
बोअरचं. अनगोळ.
"मग मलावीचे पिवळे ने, जड पाणी मानवतं त्यांना."
माझं बोट ऑस्करवर.
"ब्याडा! वर्षात वीतभर होतोय,
पिवळ्यांचा नाश्ता करंल."

एक नर, चार माद्या. दगड भरपूर, कपारी
माशांपेक्षा जास्त.
"तरी भांडले तर दगड सगळे हलव.
कुणाची हद्द कुठं होती, इसरतात."
वाक्य मराठीत सुरू, संपलं कन्नडात,
पिशवीला रबर घालताना.

आज दहावा दिवस.
नर कान तुटलेल्या कपात बसतो,
शेपूट बाहेर.
मादी जवळून गेली की तोंड उघडतो, मिटतो.
मी बाही वर करतो,
हात काचेपर्यंत नेतो.
राहू दे. उद्या बघू.