तीनदा न, मग अ

श्रावस्ती, खुर्ची ओढ. पंखा घे तुझ्याकडे.
शुक्रवारी मी निवृत्त होतेय
आणि एक नोंद तुला शिकवायची राहिलीय.

शंभर म्हणजे लेखकाचं अधिकृत नाव.
खरंच असेल असं नाही. आपण ठरवलेलं,
बाकीच्या नावांनी ज्याच्या दारात यावं ते.
चारशेमध्ये ती बाकीची:
लग्नाआधीची, मासिकातली, कंपोझिटरनं बिघडवलेली.
इथे काही नाही बाबा, तिकडे पाहा.
जसं, लॅमिंग्टन रोड, पाहा: भडकमकर मार्ग.
खाली जाऊन टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग सांगून बघ,
तो मान वळवून विचारेल, लॅमिंग्टनला ना?
अख्खी मुंबई चारशेवर चालते,
शंभर नुसतं खांबावर.

पाचशेचं वेगळं. दोन्ही नावं नांदती,
दोघांचीही पुस्तकं कपाटात,
एकीनं भिंतीवर टकटक करून सांगायचं:
हेही पाहा.

अ म्हणतो ब पाहा, ब म्हणतो अ पाहा,
असं कधी करू नकोस. वॉर्ड ऑफिसात करतात तसं.
आणि आंधळा संदर्भ तर मुळीच नको:
पाहा म्हणायचं, माणूस जिने चढून जाणार,
आणि तिथे कुणी राहतच नाही.

आता हे घे.
मोरेश्वर, डी. बावीस रहस्यकथा.
एकीलाही धड कव्हर नाही,
भायखळ्याच्या छापखान्यांतली पोरं
जेवणाच्या सुट्टीत वाचायची, पानांना अजून लोणच्याचं तेल आहे.
डी म्हणजे काय, कुणी विचारलं नाही.
कार्ड टिपणीसबाईंचं, एकाहत्तर सालचं,
हिरवी शाई, ळ ची शेपटी खालच्या ओळीत.
उलट कर. खिडकीशी तिरपं धर.
पेन्सिल आहे, खोडलेली.
दिसतंय?
पाहा: दिवेकर, सेगुला.

दिवेकरबाईंचंही कार्ड आहे.
पुस्तक एकच: मुलींचे शिवणकाम, इयत्ता आठवी.

एकोणनव्वद साली आल्या होत्या. मी नवी, तुझ्याच वयाची.
माझगावची खोली विकून
मुलाकडे लोदला निघालेल्या, कायमच्या.
'मो'चा ड्रॉवर मागितला, उभ्यानंच कार्ड वाचलं.
जन्मसाल कोरं होतं.
"राहू दे कोरं," म्हणाल्या,
"आमच्याकडे खून आवडत नाहीत कुणाला.
आणि शाळेत विचारतील,
शिवणाच्या बाई माणसं कशानं मारतात."
टिपणीसबाईंनी विचारलं, कशानं?
"धीरानं. टाका टाका घालत."
हसल्या नाहीत.
मग कार्ड उलटून पेन्सिलीवर बोट ठेवलं,
आणि टिपणीसबाईंनी माझ्यादेखत खोडरबर घेतलं.

आता मशीन विचारतंय, जोडू का.
नाही जोडलं, तर हे माझ्याबरोबर शुक्रवारी
खाली उतरणार, डब्याच्या पिशवीत.
जोडलं, तर त्या बोटाचं काय करायचं?

म्हणून पाचशे उघड. दिवेकर, सेगुला.
पुढे डब्ल्यू. त्यात चार घरं.
पहिल्यात एन, लागू नाही. दुसऱ्यात एन. तिसऱ्यात एन.
चौथ्यात ए:
दुवा आहे, दाखवू नये.
मी मनात मराठीतच म्हणते, न, न, न,
आणि मग अ,
बोलायला तोंड उघडून थांबल्यासारखा.

सेव्ह कर.
आता वाचकांच्या पडद्यावर जा, मोरेश्वर शोध.
बावीस आले? शिवणकाम?
नाही ना. बरोबर.
मृत्यूचं साल मला ठाऊक आहे,
तेही टाकू नकोस.

कुणाला कळणार म्हणतेस?
तुला.
ड्रॉवर आत लोट. अडकतो तो,
जरासा उचलून.