न डकवलेली कुपनं

आई गेली तेव्हा कारकुनाने विचारलं, व्यवसाय?
मी तोंड उघडायच्या आत
मामाने सांगून टाकलं : घरीच असायची.

बावीस वर्षं ती जीन्सच्या चेनी शिवत होती
एल पासोत, विमानतळामागच्या बिनखिडकीच्या शेडमध्ये.
घरी असायची ती रविवारी,
आणि रविवारीही शेगडीपाशी, उभीच.

एकदा डाव्या तर्जनीच्या नखातून सुई आरपार गेली.
ते नख पुढे जन्मभर दुभंगूनच वाढलं.
मक्याचं पीठ मळताना त्या फटीत अडकायचं,
ती ते दातांनी काढायची
आणि आजी म्हणायची, बाईमाणसाला शोभत नाही.

फ्रिजच्या वर, बीन्सच्या पोत्यामागे
चरबीचा एक रिकामा डबा सापडला.
मला वाटलं पैसे असतील. योलांदावहिनीलाही तेच वाटलं,
टॉवेलला हात पुसत ती जवळ येऊन उभी राहिली.
निघाली कुपनं.

दर गठ्ठ्याला एक कुपन. साठ पँट, साठ चेनी,
मग ते कापायचं, रात्री कागदावर डकवायचं,
शुक्रवारी त्या कागदाचे पैसे.
न डकवलेल्या कुपनाला काही नाही.
मला ठाऊक होतं हे. डिंकाची बाटली माझ्याच हातात असायची,
आठ वर्षांची होते मी.

डब्यातल्या कुपनांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं.
बोटभर जागा. एक ओळ, फार तर दोन.

‘आज सुपरवायझरने मला नावाने हाक मारली.
नाव ओर्तेन्सियाचं होतं.’

‘एफ्राईन म्हणतो, तू पूर्वी हसायचीस.
पूर्वी म्हणजे कुठल्या वारी?’

‘पलीकडे या नदीला दुसरं नाव आहे.
पाण्याला कुणी कळवलंय का?’

‘धाकटीला दवाखान्यात दुभाषी म्हणून नेलं.
माझ्या गर्भाशयाबद्दल ती डॉक्टरला सांगत होती,
स्वतःच्या बुटांकडे बघत.’

धाकटी म्हणजे मी. बूट तपकिरी होते.

आणि तीन कुपनांवर मिळून, क्रमांक घालून :
‘लग्नाच्या दाखल्यावर माझ्या नावात एक दे शिरला.
एउलालिया तेरासास दे मोंतोया. दे म्हणजे मोंतोयाची.
डोक्यावर तिरकी रेघ दिली की तोच दे म्हणजे द्या.
मी रेघेशिवायच देत आले.’

एकावर नुसतं ‘नाही’.
कुणाला, कशाला, काही नाही. तारीखसुद्धा.

मी मोजली. तीनशे बारा.
गठ्ठ्याला नव्वद सेंट धरले तर
दोनशे ऐंशी डॉलर, ऐंशी सेंट.
ज्या हिवाळ्यात मला कोट मिळाला नाही
तो हिवाळा बहुधा यातच कुठेतरी आहे.
भावाच्या कोटाच्या बाह्या दुमडून मी शाळेत गेले होते
आणि ती दारातून म्हणाली होती, पुढच्या वर्षी.
त्या दिवशीच्या कुपनावर काय लिहिलं असेल तिने?
शोधलं. सापडलं नाही.
मला राग आला, खोटं कशाला सांगू.
मग त्या रागालाच थोडी लाज वाटली,
पण तो गेला नाही, बसून राहिला
डब्याच्या झाकणावर.

तळाशी एक कोरं होतं.
नव्वद सेंट मोजले आणि मग काही सुचलं नाही,
किंवा शिटी झाली, जेवणाची सुट्टी संपली,
किंवा ओर्तेन्सिया म्हणाली, काय लिहितेस, दाखव.

वहिनीला स्पॅनिश फक्त स्वयंपाकापुरतं येतं.
काय लिहिलंय, तिने विचारलं.
मी खुर्ची ओढली आणि पुन्हा दुभाषी झाले,
एकेक कुपन उजेडाकडे धरून,
या वेळी बुटांकडे न बघता.

मध्येच ती म्हणाली, थांब.
तो नावाचा परत वाच.
आणि आतल्या खोलीत जाऊन
आपल्या लग्नाचा दाखला घेऊन आली.